फुकटच्या गोष्टीचे १५,४९७ रुपये

आधी आकडा सांगतो, म्हणजे लाज एकदाची उरकते: ४९९, मग १, मग ४,९९९ तीन वेळा. एकूण १५,४९७ रुपये. कशासाठी? मोबाइलवरचं गृहपाठाचं अ‍ॅप कॉम्प्युटरवर चालावं म्हणून. जे फुकटात होतं.

सुरुवात ओळखीचीच. अ‍ॅपच्या नावापुढे 'पीसी डाउनलोड' टाकून शोधलं की सगळ्यात वर बऱ्याचदा जाहिरात असते आणि 'प्रायोजित' हा शब्द बारीक अक्षरात. साइटवर अ‍ॅपचाच लोगो. फाइल झिपमध्ये, झिपला पासवर्ड १२३४. इथेच थांबायला हवं होतं. फुकट वाटायच्या फाइलला कुलूप कशाला? अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून. पुढे सेटअप चालवताना विंडोजने पिवळ्या पट्टीची चौकट दाखवली, 'पब्लिशर: अननोन'. कंपनीची सही असलेल्या सॉफ्टवेअरला ही पट्टी निळी येते आणि कंपनीचं नाव दिसतं. पण साइटवर आधीच लिहून ठेवलेलं, 'ही चौकट आली तर घाबरू नका, येस दाबा.' कुत्रं भुंकणार हे चोराने आधी सांगून ठेवलं आणि आपण कुत्र्यालाच गप्प केलं.

आत इम्युलेटर (कॉम्प्युटरवर फोनसारखं वातावरण उभं करणारं सॉफ्टवेअर) मात्र खरा होता, आणि खरी चलाखी तीच. तो सुरू होताना अडकला आणि वर चौकट आली: 'लायसन्स अपूर्ण, हेल्पलाइनला फोन करा.' अडकला होता तो बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे इम्युलेटरला लागणारी प्रोसेसरची सोय, बंद असल्यामुळे. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू. तिथे 'व्हर्च्युअलायझेशन: डिसेबल्ड' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. रीस्टार्ट करून एफ२ किंवा डिलीट (एचपीवर एफ१०) दाबून बायोसमध्ये शिरायचं, इंटेलवर 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी', एएमडीवर 'एसव्हीएम मोड' इनेबल करायचं, सेव्ह करून बाहेर. पाच मिनिटांचं काम.

फोनवरचा माणूस स्वच्छ मराठीत 'दादा, काळजीच करू नका' म्हणणारा. ४९९ रुपये 'पीसी लायसन्स'चे. अहो, सबस्क्रिप्शन खात्याला असतं, यंत्राला नाही. फोनवरचं तेच खातं इम्युलेटरमध्ये उघडलं की तेच चालतं. हे ठाऊक असूनही पैसे गेले, कारण रात्रीचे साडेनऊ, सकाळी वही द्यायची आणि रक्कम चारशे नव्याण्णव. हजार मागितले असते तर डोकं चाललं असतं. त्यांनाही ते माहीत असतं.

मग 'पडताळणीसाठी फक्त एक रुपया, क्यूआर स्कॅन करा.'

तो एक रुपया अजून डोळ्यांसमोर आहे. मोठ्या अक्षरात ₹१. त्याखाली 'ऑटोपे' (खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी), कमाल रक्कम ४,९९९, वारंवारता 'अ‍ॅज प्रेझेंटेड', म्हणजे ते मागतील तेव्हा. लपवलेलं काही नव्हतं. नजर रुपयावर होती. पिन एकदाच टाकला. त्यानंतर १५,००० पर्यंतची वसुली पिन न विचारता जाते, नियमच तसा आहे. पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना येते, तीही तिन्ही वेळा आली. पण कर्ज घ्या, रमी खेळा, केवायसी करा, या दिवसाच्या तीस मेसेजांत ती कोण वाचतं? (आम्ही वाचतो म्हणणारे भाग्यवान.)

यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी आत्ता उघडून बघा. अनोळखी नाव दिसलं तर तिथूनच रद्द करा. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी मॅंडेट (ऑटोपेला दिलेली परवानगी) जिवंतच राहतं.

आता मदत करणाऱ्यांची कथा. बँकेच्या शाखेत म्हणाले कॉल सेंटरला सांगा, कॉल सेंटर म्हणालं शाखेत अर्ज द्या. शाखेत परत गेल्यावर 'ते साहेब रजेवर आहेत'. सातव्या दिवशी मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' कशी, ते नाही. विचारल्यावर उत्तर, 'पिन तुम्हीच टाकला ना?' पोलीस चौकीत पहिला प्रश्न तोच, दुसरा 'एवढं शिकलेले आणि तरी?' अर्जाची पोच मागितली तर कपाळाला आठ्या. उद्या कोणी गोड बोलून घराची किल्ली मागून नेली, तर ती चोरी नाही म्हणणार का? ज्या खात्यात पैसे गेले ते कोणीतरी केवायसी करूनच उघडलं ना? मग तो माणूस सापडत नाही कसा?

तुम्ही मात्र शाखेची वाट बघू नका. आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लगेच सायबर क्राइम पोर्टल, पोच क्रमांक घेऊन मग बँक. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठले तर गोठले. आणि अनोळखी सेटअप चालवलेल्या कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदलू नका, दुसऱ्या यंत्रावरून बदला.

इम्युलेटरची मुळात गरजच होती का, हा प्रश्न फार उशिरा सुचला. अशा बऱ्याच अ‍ॅपची वेबसाइट असते. ब्राउझरमध्ये लॉगिन करा, गणिताचा फोटो अपलोड करा. नसेल तर फोनच्या सेटिंगमधलं यूएसबी डीबगिंग चालू करून scrcpy (उच्चार 'स्क्रीन कॉपी') हे सॉफ्टवेअर वापरा, फोनची स्क्रीन कॉम्प्युटरवर येते, फुकट. इम्युलेटरच हवा तर ब्लूस्टॅक्ससारखा, पत्ता स्वतः टाइप करून त्यांच्याच साइटवरून. ४ जीबी रॅमवर तो चालतो म्हणतात, पण रखडतो, ८ हवी. त्यात बँकेशी जोडलेलं गूगल खातं टाकू नका.

पोर्टलवर स्थिती अजून 'अंडर प्रोसेस'. बँकेला लेखी तक्रार देऊन आज १९ दिवस झाले. ३० दिवस उलटले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही. मॅंडेटचा यूएमएन (त्याचा क्रमांक), तिन्ही वसुल्यांचे यूटीआर (व्यवहार क्रमांक) आणि त्या 'निकाली' मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.