केसॅन, केफेन्स की स्लब डीबग? फाइलसिस्टिममधला मेमरीचा बिघाड शोधताना

ऐरोलीतल्या एका ग्राहकाकडे आमचं स्टोरेज मशीन आठ-दहा दिवसांनी एकदा कोसळायचं. दर वेळी जागा वेगळी: कधी नेटवर्कचा कोड, कधी डेंट्री कॅशे, म्हणजे फाइलांच्या नावांची मेमरीतली नोंद. जागा अशी बदलत राहिली की समजावं, कोसळणाऱ्या कोडचा दोष नाही, त्याची मेमरी दुसऱ्याच कुणीतरी खराब केली आहे. आधी मेमटेस्ट चालवून रॅम निर्दोष असल्याची खात्री केली आणि मग प्रश्न आला, लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, असा मेमरीचा बिघाड पकडणाऱ्या केसॅन, केफेन्स आणि स्लब डीबग या तीन साधनांपैकी कोणतं लावायचं? तुम्हीही याच वळणावर असाल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

सुरुवात केफेन्सपासून केली, कारण मशीन चालू ठेवायचं होतं. लिनक्स ५.१२ पासून, म्हणजे २०२१ पासून, तो कर्नलमध्येच आहे. कर्नल कामापुरते मेमरीचे तुकडे वाटून देतो; त्यातली निवडक वाटपं (वस्तू) तो मेमरीच्या वेगळ्या पानावर, म्हणजे पेजवर, ठेवतो आणि शेजारी पहाऱ्याची पेजं लावतो. हद्द ओलांडली किंवा सोडलेल्या मेमरीला हात लावला की जागच्या जागी पकडतो. मूळ मांडणीत २५५ वस्तू मावतात, मेमरी जेमतेम २ एमबी लागते आणि वेगावरचा परिणाम जाणवतही नाही. पण दोन निवडींमधलं मूळ अंतर १०० मिलिसेकंदांचं, म्हणजे सेकंदाला फार तर दहा वाटपं पहाऱ्यात येतात. दोन आठवडे थांबलो, हाती काही लागलं नाही.

का लागलं नाही, ते नंतर कळलं, आणि निवड करताना माझ्या मते हाच मुद्दा सगळ्यात मोठा आहे: संशयित वस्तूचं वाटप किती वेळा होतं? आमची वस्तू दर माउंटमागे, म्हणजे फाइलसिस्टिम जोडताना, एकदाच तयार व्हायची, आणि रात्रीचा बॅकअप दिवसातून एकदाच माउंट-अनमाउंट करायचा. नेमकं तेच वाटप पहाऱ्यात सापडण्याची शक्यता नगण्य होती. प्रत्येक रीड-राइटला तयार होणाऱ्या वस्तूत दोष असता आणि पन्नास मशीनवर केफेन्स चालू असता, तर मी दुसऱ्या कशाचा विचारही केला नसता. एका पेजपेक्षा मोठी वाटपं मात्र तो घेतच नाही.

मग स्लब डीबग. कर्नल पुन्हा बांधायचा नव्हता, बूट लाइनवर एफ, झेड, पी, यू ही तपासण्या चालू करणारी चार अक्षरं आणि एकाच कॅशेचं, म्हणजे सारख्या आकाराच्या वस्तूंच्या साठ्याचं, नाव दिलं, केमॅलॉक-५१२. सगळ्या कॅशेंना लावलंत तर मशीन रडकुंडीला येईल, म्हणून एकच. सहाव्या दिवशी लॉगमध्ये ओळ आली: पॉयझन ओव्हररिटन, म्हणजे सोडलेल्या मेमरीत भरलेली खूण कुणीतरी पुसली. खाली हेक्स डंप, म्हणजे त्या मेमरीतले बाइट जसेच्या तसे. सोडलेली मेमरी ६बी या बाइटने भरलेली असते, म्हणून ओळीमागून ओळ ६बी ६बी ६बी, आणि मधेच आठ बाइट वेगळे. वस्तू शेवटी सोडली कुणी, तेही छापलेलं होतं: आमच्याच मॉड्यूलचं (कर्नलला जोडलेल्या आमच्या फाइलसिस्टिमच्या कोडचं) अनमाउंट. ते वाचून पोटात गोळा आला. पण ते आठ बाइट लिहिले कुणी, हे स्लब डीबग सांगू शकत नाही. तो तपासतो वाटपाच्या आणि सोडण्याच्या वेळी, तोवर लिहिणारा पसार झालेला असतो. आणखी एक खाच आहे. एक्स्ट४ फाइलसिस्टिमच्या आयनोडसारख्या (फाइलच्या माहितीची नोंद), कन्स्ट्रक्टर म्हणजे वस्तू आधीच भरून ठेवणारं फंक्शन असलेल्या कॅशेत ६बी भरलंच जात नाही, त्यामुळे आयनोडवर संशय असेल तर या खुणेची वाट पाहू नका.

शेवटी महापेच्या लॅबमध्ये केसॅन. कर्नल ४.० पासून, म्हणजे २०१५ पासून, तो उपलब्ध आहे. कंपायलर प्रत्येक वाचन-लेखनाआधी तपासणी घालतो. दर आठ बाइटमागे एक बाइट नोंदीला जातो, म्हणजे मेमरीचा आठवा हिस्सा, आणि वेग दोन-तीन पटींनी घटतो. ग्राहकाच्या मशीनवर हे लावता येत नाही. बाहेरचं मॉड्यूल असेल तर तेही त्याच कर्नलसोबत पुन्हा बांधा, नाहीतर तुमच्याच कोडवर तपासणी नसेल आणि अहवाल येत नाही म्हणून तुम्ही निर्धास्त राहाल.

फाइलसिस्टिमवर भार टाकून माउंट-अनमाउंटचं चक्र लावलं. तीन तासांत अहवाल आला, आणि त्यात कोण लिहितोय, वस्तू कुणी घेतली, कुणी सोडली या तिन्हींचे स्टॅक, म्हणजे तिथवर पोचलेल्या फंक्शनांच्या साखळ्या, होते. जेनेरिक केसॅन (आम्ही वापरलेला प्रकार) वर्कक्यूमध्ये, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेत, काम कुणी टाकलं तेही लिहून ठेवतो, आणि आमचं उत्तर तिथेच होतं. आकडेवारी गोळा करणारं काम चालू असतानाच अनमाउंट त्याच्या पायाखालची वस्तू सोडत होतं. आधी काम रद्द करून ते संपेपर्यंत थांबायचं, मग वस्तू सोडायची, एवढी एका ओळीची दुरुस्ती.

म्हणून माझा क्रम असा: बिघाड लॅबमध्ये घडवता येत असेल, तर थेट केसॅन. घडवता येत नसेल आणि संशयित वस्तू सतत तयार होणारी असेल, तर जास्तीत जास्त मशीनवर केफेन्स. ती क्वचित तयार होणारी असेल आणि ग्राहक कर्नल बदलू देत नसेल, तर एका कॅशेपुरतं स्लब डीबग, पण त्याच्याकडून फक्त धागा मिळेल एवढीच अपेक्षा ठेवा.

तोवर फाइलसिस्टिमच्या चेकसमवर, म्हणजे डेटा बदलला का हे तपासायच्या आकड्यावर, विसंबू नका. मेमरीतला डेटा चेकसम काढण्याआधीच बिघडला असेल तर चुकीच्या डेटाचा बरोबर चेकसम डिस्कवर जातो. आणि डिस्क कंट्रोलर डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला वगळून, थेट मेमरीत चुकीच्या जागी लिहीत असेल तर केसॅन आणि केफेन्स दोघांनाही ते लेखन दिसत नाही. तिथे आयओएमएमयू, म्हणजे उपकरणांना मेमरीच्या ठरावीक भागापुरतंच लिहू देणारं हार्डवेअर, चालू करूनच सुरुवात करा.