पॅट्रोनी: पोस्टग्रेसच्या फेलओव्हरसाठी विश्वासाने वापरावं असं टूल

पतसंस्थांच्या ठेवी-कर्जांच्या नोंदी असलेले पोस्टग्रेस डेटाबेसचे सर्व्हर मी सांभाळते. रेप्लिकेशन आधीपासून होतंच, म्हणजे मुख्य सर्व्हरवरचा (प्रायमरी) डेटा दुसऱ्या सर्व्हरवर (रेप्लिका) सतत उतरत होता. पण प्रायमरी बंद पडला की रेप्लिकाला हाताने प्रमोट करायचं, म्हणजे प्रायमरी बनवायचं, ॲप्लिकेशनला नवा पत्ता द्यायचा, आणि हे जमणारं माणूस त्या वेळी जागं असायला हवं. ही अदलाबदल, म्हणजे फेलओव्हर, आपोआप व्हावी म्हणून आम्ही पॅट्रोनी बसवलं. बर्लिनच्या झलांडो कंपनीत वाढलेलं, पायथनमधलं, मुक्त परवान्याचं टूल आहे.

रेप्लिकाला प्रमोट तर छोटी स्क्रिप्टही करते. पॅट्रोनीचं खरं मोल जुन्या प्रायमरीला थांबवण्यात आहे. लीडर (सध्याचा प्रायमरी) कोण, याची नोंद ईटीसीडीमध्ये, म्हणजे अनेक मशीनवर मिळून चालणाऱ्या छोट्या नोंदसाठ्यात, कुलपासारखी राहते. मूळ सेटिंगप्रमाणे तिची मुदत ३० सेकंद, आणि लीडर दर १० सेकंदांनी ती वाढवून घेतो. नेटवर्क तुटलं आणि मुदत वाढवता आली नाही, तर तो स्वतःहून लिहिणं बंद करतो. एकाच खात्यावर दोन सर्व्हर वेगवेगळे व्यवहार नोंदवतायत, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. पॅट्रोनीने ती बरीच कमी केली.

चाचणीत केबल काढली तेव्हा रेप्लिका मिनिटाच्या आत प्रायमरी झाली. नुसती पोस्टग्रेसची प्रोसेस मारली तेव्हा मात्र फेलओव्हर झालाच नाही, आणि ते बरोबरच आहे. पॅट्रोनी आधी त्याच मशीनवर पोस्टग्रेस पुन्हा उठवून बघतं, त्यासाठी ३०० सेकंदांपर्यंत थांबतं. रेप्लिकाकडे शेवटचे काही व्यवहार पोचलेले नसतील, तर घाई करून ते गमावण्यात काय अर्थ?

पैशांचा डेटा असेल तर सिंक्रोनस मोड चालू कराच; तो आपोआप चालू नसतो. त्याशिवाय १ एमबीपर्यंत मागे असलेली रेप्लिकाही प्रायमरी होऊ शकते, आणि तेवढ्यात कितीतरी पावत्या मावतात. या मोडमध्ये प्रत्येक कमिट, म्हणजे व्यवहार पक्का होणं, दुसऱ्या मशीनची वाट बघतं. दोन्ही सर्व्हर एकाच डेटा सेंटरमध्ये असल्यामुळे आम्हाला ते परवडतं.

तक्रार एकच, पण मोठी. पॅट्रोनीच्या सेटिंगच्या वायएमएल फाइलमधल्या बूटस्ट्रॅप भागातली क्लस्टरची (सगळ्या सर्व्हरांच्या गटाची) सेटिंग फक्त पहिल्यांदा क्लस्टर उभा राहताना वाचली जातात. नंतर फाइल बदलून कितीही रीस्टार्ट करा, फरक पडत नाही. पॅट्रोनीसीटीएल या कमांडच्या एडिट-कॉन्फिगनेच बदलावी लागतात. नवख्या माणसाचा अख्खा दिवस यात जातो. डॉक्युमेंटेशनमध्ये हे आहे, पण ते पहिल्या पानावर ठळक असायला हवं होतं.

ॲप्लिकेशनची कनेक्शनं योग्य सर्व्हरकडे वळवणाऱ्या एचएप्रॉक्सीशी जोडणी सोपी आहे. पॅट्रोनीला ८००८ पोर्टवर विचारलं की प्रायमरी कोण ते कळतं. जुनी कनेक्शनं तुटणारच, तेव्हा ॲप्लिकेशनला पुन्हा जोडून घेता आलं पाहिजे. हे काम पॅट्रोनी करत नाही. आणि रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून चालवलेलं डिलीट तिथेही लगेच पोचतं.

ईटीसीडीसाठी किमान तीन मशीन हवीत, कारण दोघांतलं एक गेलं की बहुमत उरत नाही. तिसरं मशीन लहान चालेल, पण डिस्क वेगवान हवी. ते मिळणार नसेल, तर सध्या हातानेच प्रमोट करत राहा आणि त्याच्या पायऱ्या लिहून ठेवा. मिळणार असेल, तर पॅट्रोनी बसवा.