बोटांतले सिलिकॉनचे सांधे, वर्ष होत आलं: सूज का येते आणि कधी घाबरायचं

मला रुमॅटॉइड, म्हणजे आमवात, बऱ्याच वर्षांपासून आहे. उजव्या हाताची चारही बोटं करंगळीकडे कलली होती, म्हणून मागच्या पावसाळ्यात बोटांच्या मुळाशी सिलिकॉनचे सांधे बसवून घेतले. दुखणं जवळजवळ गेलं, बोटं सरळ दिसतात, साडीची पिन लावता येते. मूठ मात्र पूर्ण मिटत नाही आणि ओले कपडे पिळणं बंद, हे सर्जननी आधीच सांगितलं होतं. स्प्लिंटचे, म्हणजे बोटं सरळ धरून ठेवणाऱ्या आधारपट्टीचे, पहिले आठवडे फार जड गेले पण ते टाळू नका.

खरं लिहायचंय ते सुजेबद्दल. दिवाळीनंतर मधल्या बोटाचा सांधा टम्म फुगला, कातडी चकाकायला लागली, सकाळी तासभर बोट हलेना, आणि सिलिकॉनमुळे सांध्याला सूज येते हे कुठेतरी वाचलेलं असल्यामुळे माझी झोपच उडाली. डॉक्टरांनी सांध्यातलं पाणी काढून तपासलं, इन्फेक्शन नव्हतं. एक्स-रेत सांध्याचं सिलिकॉनचं रबर शाबूत, आजूबाजूच्या हाडात पोकळ्या नाहीत. वर डावं मनगट आणि गुडघाही सुजलेला, सीआरपी, म्हणजे रक्तातली सुजेची खूण, वाढलेलं. म्हणजे आमवातच उसळला होता, औषध वाढवल्यावर उतरला.

सिलिकॉनची सूज वेगळी, आणि ती खरीच असते बरं का. हे रबर हाडात सिमेंटने चिकटवत नाहीत, त्याचे दांडे हाडाच्या पोकळीत हलके सरकत राहतात. घासून घासून बारीक कण सुटले की शरीरातल्या पेशी ते गिळायला जातात, पचवता येत नाहीत, मग सांध्याचं अस्तर सुजतं आणि हाड आतून पोखरलं जातं. हे बहुतेक वेळा काही वर्षांनी होतं आणि दुखणं सुरू व्हायच्या आधीच एक्स-रेत दिसू शकतं. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, बसवलेला सांधा काढून आत साफ करावं लागतं, कधी पोकळीत हाड भरावं लागतं.

कुठल्या सांध्यात बसवलंय यावर सगळं आहे. अमेरिकेतल्या डॉ. आल्फ्रेड स्वॉन्सननी १९६०च्या दशकात आणलेले बोटांच्या मुळाचे सांधे आजही बसवतात, त्यात रबर तुटलं तरी बऱ्याचदा हात चालत राहतो. मनगटातल्या छोट्या हाडांच्या जागी सिलिकॉन बसवायचे तिथे मात्र दाब इतका की ही सूज आणि पोकळ्या खूप जणांना झाल्या, म्हणून ते जवळजवळ बंदच पडलं. कोणी आज मनगटासाठी सुचवलं तर दुसऱ्या हँड सर्जनला विचारल्याशिवाय हो म्हणू नका, अगदी कळकळीने सांगतेय.

बोटांत बसवलं असेल तर काही दुखत नसलं तरी सर्जन सांगतील तेव्हा एक्स-रे काढा आणि ऑपरेशननंतरची पहिली फिल्म जपून ठेवा, पोकळी नवी की जुनी हे तिच्याशी ताडूनच कळतं.

डाव्या हाताचं ऑपरेशनही ठरलंय, बोटांना हेच सांधे. अंगठ्याच्या मुळाशी मात्र सिलिकॉन नको म्हटलं, तिथे खराब हाड काढून माझाच टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, गुंडाळून भरणार आहेत.