दारू आणि बायपोलर, दोन्ही एकाच केसपेपरवर

आमच्या यांना बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा मूडचा आजार) आहे, आणि दारूही होती. सहा वर्षं आम्हाला दोन्हीकडून टोलवलं. व्यसनमुक्ती केंद्रात म्हणायचे, "डोक्याच्या गोळ्या चालू असलेला पेशंट आम्ही घेत नाही." मनोविकारतज्ज्ञ म्हणायचे, "आधी दारू सुटू दे, मग या." २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास धरले आहेत, तरी ही तऱ्हा! शेवटी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीत बोलले. तिथल्या ताईंनी आमच्या जिल्ह्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात जायला सांगितलं. हा अनुभव तिथला.

पहिल्याच दिवशी डॉक्टर मॅडमनी विचारलं, "झोप आधी उडते की पिणं आधी सुरू होतं?" मला सांगता आलं नाही.

दारू एकदम थांबली की फिट येऊ शकते, म्हणून यांना वॉर्डात ठेवलं. गोळ्या दिल्या आणि त्या हळूहळू कमी केल्या, सोबत बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. नुसत्या दारूने आलेली उदासी असेल तर दारू थांबल्यावर काही आठवड्यांत बरीच ओसरते, हे मॅडमनी नीट समजावलं आणि मूळ आजार किती ते बघायला तेवढा वेळ घेतला. मग लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं औषध, रक्तातलं प्रमाण तपासत तपासत. "उलट्या-जुलाब झाले तर लगेच कळवा," हे मला दोनदा बजावलं. दारूचं समुपदेशनही तिथेच, त्याच केसपेपरवर.

घरी सोडताना एक वही करायला लावली. रोज रात्री तीनच रकाने: झोप, मूड, दारू. चौथ्या महिन्यात हे घसरले. वही उघडली तर मंगळवारी झोप साडेतीन तास, बुधवारी दोन, गुरुवारी क्वार्टर. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं. त्या रागावल्या नाहीत, गोळ्यांचा डोस बदलला. आता दुसऱ्या खराब रात्रीनंतर मी सकाळी थेट ओपीडी गाठते.

एक स्टार कापला तो रांगेसाठी. चार-चार तास बसावं लागतं, कधी लिथियम बाहेरून आणावं लागतं.

जाताना जुनी सगळी प्रिस्क्रिप्शन्स न्या, व्यसनमुक्ती केंद्राचं डिस्चार्ज कार्डसुद्धा. मॅडम ते आधी वाचतात.