एच-इंडेक्स की एकूण सायटेशन्स?

संघटनात्मक वर्तन आणि व्यवस्थापन या विषयांतल्या संशोधकाचं वजन किती, हे सांगायला दोन आकडे हमखास पुढे केले जातात. एकूण सायटेशन्स ही सरळ बेरीज: इतरांनी त्याच्या कामाचा किती वेळा संदर्भ दिला. एच-इंडेक्स २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. २० शोधनिबंधांना प्रत्येकी किमान २० सायटेशन्स असतील, तर एच २०.

आता हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचा १९९९ चा निबंध घ्या. एका उत्पादन कंपनीतल्या ५१ गटांचा अभ्यास करून त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ मांडली. म्हणजे चूक कबूल केली, शंका विचारली, तरी गटात कुणी आपल्याला फाडून खाणार नाही हा भरवसा. पुढे गूगलनेही आपल्या टीम्स तपासताना हीच कल्पना उचलून धरली. बेरजेत हा निबंध डोंगराएवढा दिसतो. एच-इंडेक्समध्ये? फक्त एक. जेमतेम उंबरठा ओलांडलेल्या निबंधाइतकाच! हे मला कधीच पटलं नाही.

बेरीजही साळसूद नाही म्हणा. एखादा गाजलेला आढावा लेख, त्याच्या लेखकांत आपलं पाचवं नाव, की आकडा फुगला. तिथे एच-इंडेक्स बरा, तो सातत्य मागतो. मात्र नवख्या संशोधकाला दोन्ही आकडे सारखेच जड जातात.

नेमणुकीची चाळणी लावायची तर मी एच बघेन. विचार कुठवर पोचला हे हवं असेल, तर बेरीज, आणि त्याआधी तो निबंधच वाचेन.