पणजोबांचं तैलचित्र आणि कमळातली लक्ष्मी: नुसतं सांभाळायचं, संवर्धकाकडे न्यायचं की रंगवून घ्यायचं?

वाड्याची वाटणी झाली तेव्हा हंडे-घागरींना आणि झोपाळ्याला लगेच धनी मिळाले. ओटीवरचं पणजोबांचं तैलचित्र आणि देवघराबाहेरची लक्ष्मीची तसबीर मात्र भिंतीवरच राहिली. दोन्ही काळवंडलेली होती. मी ती घरी आणली आणि पुढचं वर्षभर एकच प्रश्न डोक्यात होता: आता यांचं करायचं काय? अनेक घरांत हीच वेळ आलेली असते, म्हणून तिन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून लिहिते आहे.

आधी हातात काय आहे ते ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. तैलचित्राला मागून पाहिलं की कापडाची वीण दिसते, आणि पुढून तिरक्या उजेडात ब्रशचे फटकारे उठून दिसतात. लक्ष्मी म्हणजे ओलिओग्राफ, दगडी शिळांवरून एकेक रंग चढवत कागदावर छापलेलं चित्र. त्यावर वॉर्निश असतं, त्यामुळे लांबून ते तैलचित्रच वाटतं. भिंगातून पाहिलं की रंगाचे बारीक ठिपके दिसतात. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचल्या. कित्येक घरांत बायकांनी लक्ष्मीच्या पदरावर खरी जर आणि टिकल्या शिवल्या. आमच्या लक्ष्मीच्या कमरपट्ट्यावर अजून सात टिकल्या आहेत.

सगळ्यात सोपी म्हणून सुचवली जाते ती वाट म्हणजे रंगवून घेणं. ओळखीचा चित्रकार असतो, आठवड्यात काम होतं, पैसे कमी लागतात आणि चित्र लखलखीत होऊन येतं. आमच्या पणजोबांच्या बाबतीत हे कधीतरी होऊन गेलेलं आहे. संवर्धकाने, म्हणजे जुनी चित्रं शास्त्रीय पद्धतीने जपणाऱ्या तज्ज्ञाने, खोली अंधारी करून अतिनील दिवा लावला, तेव्हा जुनं वॉर्निश हिरवट झळकलं आणि त्यावर उपरण्यापासून गालापर्यंत काळे डाग उभे राहिले. नंतरचा रंग त्या दिव्यात असा काळा दिसतो. गालावर रंग उडाला होता जेमतेम करंगळीच्या नखाएवढा. तो झाकायला आणि नवा रंग जुन्यात मिसळून जावा म्हणून अर्धा चेहरा रंगवला होता. ज्यांनी पणजोबांना पाहिलं होतं त्यांना हा चेहरा परका वाटायचा. आजी तसं म्हणायची, आणि आम्हाला वाटायचं तिची नजर कमी झाली.

यातली खरी अडचण अशी की तेलरंग वर्षानुवर्षं कडक होत जातो. वरचा थर पन्नास वर्षांनी काढायचा म्हटलं तर खालच्यालाही धोका असतो. हेतू चांगला आणि हात तरबेज असूनही असं घडतं. अजिंठ्याची गोष्ट पाहा. 1920 ते 1922 दरम्यान निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना लेण्यांत बोलावलं. सुटत चाललेला गिलावा त्यांनी भिंतीला पक्का बसवला, आणि ते काम मोलाचं होतं. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं वॉर्निशही दिलं. ते पुढे पिवळं-तपकिरी पडलं आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढची कित्येक वर्षं ते उतरवत बसावं लागलं.

संवर्धकाकडे नेणं ही महागडी आणि संथ वाट आहे. महिने लागतात. खर्च नुसत्या आकारावर ठरत नाही, नुकसान किती आणि काम किती तासांचं यावर ठरतो. पण बदल्यात काय मिळतं ते मी जवळून पाहिलं. पगडीच्या कडेला, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, काडीला गुंडाळलेल्या कापसाने चाचणी घेतली. पहिला बोळा लाळेनेच भिजवलेला होता. लाळेतल्या पाचक द्रव्यांनी वरची मळी सुटते, आणि मोठमोठ्या संग्रहालयांतही हे करतात. बोळा चहासारखा तपकिरी झाला. मग सौम्य द्रावणाचा दुसरा बोळा, तो पिवळा. आणि त्या चौकोनात पगडीचा लाल रंग दिसला, सोबत एक पांढरा ठिपका. तो मोती होता. आमच्यापैकी कोणालाही पगडीला मोती आहे हे ठाऊक नव्हतं.

संवर्धक रंग भरतो तो फक्त उडालेल्या जागेत, शेजारच्या मूळ रंगावर ब्रश जाऊ देत नाही. आणि भरलेला रंग उद्या सहज काढता येईल असाच वापरतो. इतर कसल्याही कौशल्यापेक्षा मला हीच गोष्ट मोठी वाटते. म्हणून काम देण्याआधी विचारा: आधीचे फोटो आणि लेखी अहवाल देणार का? कोणतं द्रावण, कोणतं वॉर्निश वापरणार? केलेलं परत काढता येईल का? उत्तर गोलमाल आलं तर चित्र उचलून घरी या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलासंवर्धन केंद्र आहे. चौकशीला सुरुवात तिथून करता येते.

हा खर्च कधी करावाच? रंगाच्या खपल्या उचलल्या असतील, कापड फाटलं असेल, बुरशी धरली असेल किंवा कॅनव्हास सैल पडून पोट आलं असेल, तर थांबू नका. खपली एकदा झाडूत गेली की गेली. नुसता काळपटपणा मात्र दहा वर्षं थांबू शकतो.

आणि तिसरी वाट, नुसतं नीट सांभाळणं. लक्ष्मीसाठी मी हीच निवडली. तिच्या मागे देवदाराच्या फळ्या ठोकल्या होत्या, आणि फळ्यांमधल्या फटींच्या जागी कागदावर उभे तपकिरी पट्टे उमटले होते. काच थेट चित्राला टेकलेली होती. पावसाळ्यात काचेला दमटपणा सुटला की वॉर्निश काचेला चिकटतं, आणि मग ओढाल तर रंग काचेबरोबर येतो. आमचं एका कोपऱ्यापुरतंच चिकटलं होतं. तो कोपरा कागदाच्या संवर्धकाकडून सोडवून घेतला. बाकी फळ्या काढल्या, मागे आम्लमुक्त, म्हणजे कागदाला डाग न पाडणारा पुठ्ठा घातला, काच आणि चित्र यांच्यात माउंटचं, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचं, अंतर ठेवलं. डाग तसेच ठेवले. कागदावरचे डाग घालवायला ब्लीच करावं लागतं, आणि त्यासाठी आधी टिकल्या उसवाव्या लागल्या असत्या.

फ्रेमवाल्याकडे ओलिओग्राफ टाकून येऊ नका, समोर उभं राहून काम करून घ्या. दोन गोष्टींना स्पष्ट नाही म्हणा. एक, लॅमिनेशन. तापवून बोर्डावर चिकटवलेला कागद पुन्हा सुटत नाही. दुसरी, कडा कापणं. खालच्या पट्टीवर छापखान्याची ओळ असते आणि चौकटीत बसत नाही म्हणून नेमकी तीच कापली जाते.

दोन्ही प्रकारांना लागू पडेल असं थोडं: बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे काप चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. ऊन नको, समईचा धूर नको. बटाटा, ओलं फडकं, जवसाचं तेल यातलं काहीही पृष्ठभागाला लावू नका. तेलाने चित्र चार दिवस उजळ दिसतं, मग त्यावर धूळ कायमची बसते.

भावंडांत वाद असेल तर चांगला फोटो काढून प्रती छापून घ्या. आणि ज्याला पणजोबा नवेकोरेच हवे असतील त्याने चित्रकाराकडून वेगळ्या कॅनव्हासवर काढून घ्यावेत. आम्ही चुलतभावासाठी तसंच केलं आणि तो खूश आहे.

मूळ चित्र सात महिन्यांनी घरी आलं. गालावरचा परका रंग तीन चतुर्थांश निघाला. उरलेला काढताना खालचा मूळ रंग हलायला लागला, म्हणून संवर्धकाने तिथेच हात थांबवला. आता दरवर्षी पाऊस सरला की घटस्थापनेआधी दोन्ही चित्रं खाली उतरवते, पालथी करते आणि टॉर्च घेऊन चौकटीच्या खाचा बघते. यंदा लक्ष्मीमागे कसर सापडली, एकच.