साधा अ‍ॅल्युमिनियमचा पाच लिटर कुकर : काळं पोट आणि लिंबाचा हिशेब

शिट्टी, गास्केट, लिटर हे सगळं तुम्हाला पाठ आहे, त्यात शिरत नाही. साधा, अ‍ॅनोडाइज्ड (म्हणजे कारखान्यातच जाड संरक्षक थर चढवलेला) नसलेला, बाहेरून झाकण बसणारा कुकर. मला बोलायचंय ते त्याच्या काळ्या पडलेल्या पोटाबद्दल. आणि सर्व्हिस सेंटरमधल्या त्या मुलाबद्दल, ज्याने नखाने तळ खरवडला, ‘मॅडम, हा पाण्याचा दोष, वॉरंटीत बसत नाही’ म्हणाला आणि त्याच दमात स्टीलच्या मॉडेलचं एक्स्चेंज पुढे केलं.

दिवाळीत घेतला तेव्हा मी येईल-जाईल त्याला याचं कौतुक ऐकवत होते. उचलायला हलका, कारण एवढ्याच आकारमानाचं स्टील याच्या जवळजवळ तिप्पट भरतं. उष्णता तर स्टेनलेस स्टीलच्या दहापटीहून जास्त सहज पसरते, म्हणून खिचडी मधोमध करपत नाही आणि शिट्टी पटकन होते. सिलिंडर लावल्याची तारीख मी कॅलेंडरवर लिहिते. आता तो दोन-चार दिवस जास्त जातो. त्या महागड्या ट्रायप्लाय भांड्यांच्या पोटात तरी काय असतं? दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये दाबलेलं अ‍ॅल्युमिनियमच!

मग उन्हाळा आला. आमच्याकडे वाघोलीला उन्हाळा म्हणजे टँकर, आणि टँकर म्हणजे बहुतेक वेळा बोअरचं पाणी. महिन्याभरात कुकर आतून काळा. सगळा नाही, जिथवर खालचं पाणी असतं तिथवरच, पट्टीने रेघ मारावी इतकं नेमकं. वरचा भाग चकचकीत. आम्ही वरण-भात स्टीलच्या डब्यांत लावतो, त्यामुळे धातूला शिवतं ते फक्त पाणी. म्हणजे मुलाचं ‘पाण्याचा दोष’ खरं होतं, हे मला घरी येऊन पटलं. पण मग ते खोक्यावर छापा ना! पुस्तिकेत पार मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत आहे : पाण्यात लिंबाची फोड किंवा चिंच टाका.

त्यामागचं कारण असं. अ‍ॅल्युमिनियमला हवा लागली की लगेच ऑक्साइडचा थर धरतो, मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाइतका पातळ. तोच त्याचं कवच. म्हणून तो लोखंडासारखा गंजत नाही. कुकरमध्ये पाणी 120 अंशांच्या आसपास जातं. जड, क्षारयुक्त पाणी असलं की हा थर फुगतो, जाड होतो, त्यात क्षार अडकतात आणि डोळ्याला काळं दिसतं. आंबटाने तो थर विरघळतो, म्हणून लिंबू. काळेपणा म्हणजे विष नव्हे, पण मला तो बघवत नाही.

आता हिशेब. एप्रिलमध्ये लिंबाचा भाव काय असतो ते सांगायला नको. रोज अर्धं लिंबू कुकरच्या बुडाला घालायचं म्हणजे वाचलेला गॅस लिंबूवाल्याच्या घशात. मी आमटीला कोळ काढून उरलेला चिंचेचा चोथा टाकायला लागले. फुकट, आणि काम तेच. आमसुलं धुतलेलं पाणीही चालतं. सासूबाईंनी यावर ‘आम्ही कायम हेच करायचो’ एवढंच म्हटलं. आधी का नाही सांगितलं, हे विचारायची सोय नाही.

काळं गेलं, पण खड्डे राहिले. डबे ठेवायला मी स्टीलची जाळी वापरत होते. तिच्या कडेबरोबर सुईच्या टोकाएवढे टोचे पडलेत. खारट पाण्यात स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले की झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. कुकरबरोबर आलेली अ‍ॅल्युमिनियमची जाळी माळ्यावर टाकली होती ती काढली, आणि पाणी रात्रभर आत ठेवणं बंद केलं. टोचे वाढले नाहीत.

सोड्यापासून जपा. शेजारच्या वहिनींनी त्यांचा असाच कुकर डिशवॉशरमध्ये लावला; बाहेर आला तो राखेच्या रंगाचा, हात लावला की बोटं काळी. ती पावडर अल्कधर्मी असते, आणि हा धातू आम्लातही विरघळतो, अल्कलीतही. छोल्यांत खायचा सोडा घालायची सवय असेल तर छोले डब्यात शिजवा.

मावशीने ‘अ‍ॅल्युमिनियमने विसरभोळेपणा येतो’ असं फॉरवर्ड पाठवलं. अल्झायमर्सशी भांड्यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. अन्नातून पोटात जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 2011 मध्ये आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे 2 मिलिग्रॅम ही मर्यादा धरली आहे. तरी टोमॅटोचं सार नि चिंचेची आमटी मी स्टीलमध्येच उकळते, कारण आंबटाने धातू सुटतो हे तर रोज डोळ्यांनी बघते.

एक्स्चेंज मी घेतलं नाही. जुन्या कुकरचे ते जेवढे देत होते त्यात नवीन गास्केटही आलं नसतं, आणि भंगारवालासुद्धा जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्याच, भांड्याला लोखंडापेक्षा कितीतरी चांगला भाव देतो, कारण ते वितळवून पुन्हा वापरायला बॉक्साइटपासून नवं बनवण्याच्या सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते.

इंडक्शनवाल्यांनी हा घेऊ नये, तापणारच नाही. बाकीच्यांनी खुशाल घ्या. पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या मुंगीएवढ्या अक्षरांसाठी, आणि कंपनी पुढच्या खोक्यावर ती ओळ ठळक छापेपर्यंत मी तो परत देणार नाही.